पावती नंबर १७

मार्चचा शेवटचा आठवडा आलाय म्हणून हे आत्ताच लिहितेय. तुम्ही आठवडे बाजारात पाल मांडत असाल, नाहीतर घरातलं कुणी बसत असेल, तर या दिवसांत टेप आणि पावतीपुस्तक घेऊन कुणी समोर उभा राहिला की माझी गोष्ट आठवा. गेल्या वर्षी माझे अडीच हजार गेले. माझ्यासारखे आणखी तेरा जण निघाले.

आम्ही जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले. मेथी, धना (कोथिंबिरीला आमच्याकडे धनाच म्हणतात), थोडी वांगी, गवार. माल एकदम निघाला की नारायणगावच्या लिलावात शेकड्यानं जातो. भाव लागला तर दिवाळी, नाहीतर गाडीभाडंही अंगावर. लिलावात शेकडा चारशेनं गेलेली मेथी बाजारात दहाला जुडी जाते, हे दिसत होतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं, निम्मा माल आपण स्वतः बसून विकायचा. सासूबाई म्हणाल्या, "तुला कुठं जमतंय ओरडायला?" जमलं.

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी लांबलांब माहीत आहे. मी बसते तो तसा नाही. गुरुवारचा, ओढ्याच्या कडेला भरणारा लहानसा बाजार. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावानं काही केलेलं नाही.

बाजारात न बसलेल्यांना एक गोष्ट पटकन कळत नाही. तिथं जागा म्हणजेच सगळं. कुणाच्या नावावर काही नसतं, पण कोण कुठं बसतो ते सगळ्यांना माहीत असतं. एक गुरुवार चुकला की आपल्या जागेवर कुणीतरी टरबुजाचा ढीग घातलेला असतो. माझी जागा रस्त्याच्या कडेला, पिंपळाच्या सावलीत. उन्हाळ्यात धना दोन तासांत मान टाकतो, त्याला कितीही पाणी मारा. सावलीतला धना दुपारी तीनपर्यंत दहाला जातो आणि उन्हातला अकरा वाजता पाचला. त्या पिंपळासाठी मी पहाटे साडेपाचला येऊन गोणपाट टाकत होते.

आता ठेक्याचं. बाजार फी गोळा करायचा ठेका ग्रामपंचायत दर वर्षी लिलाव करून देते. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, ३१ मार्चला संपतं. ठेकेदार स्वतः फिरत नाही, माणूस पाठवतो. आमच्याकडे यायचा तो पन्नास घ्यायचा आणि पावती द्यायचा नाही. मागितली की म्हणायचा, "ताई, मी तुम्हाला ओळखत नाही का?" एकदा मी हट्टच धरला, तर त्यानं वीसची पावती फाडून दिली. वरचे तीस कशाचे, विचारेपर्यंत तो भेळवाल्याकडे पोचलासुद्धा. ते माझ्या डोक्यात बसून होतं.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास दोघं आले. एक तिशी-पस्तिशीचा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दुसरा पोरगेला, हातात टेप आणि तेलरंगाचा लहान डबा. त्यांनी काही मागितलं नाही. आधी माझी जागा मोजली, आठ बाय सहा. पोरानं पिंपळाच्या पाराच्या दगडावर लाल रंगानं १७ लिहिलं. मग पांढरा शर्ट म्हणाला, "वहिनी, नवा ठेका आमच्याकडे आलाय. यंदापासून रस्त्याकडच्या जागा नंबरावर. भांडणं नकोत, पहाटेची पळापळ नको. अनामत अडीच हजार, वर्षअखेर परत मिळणार. आणि दर गुरुवारी फक्त तीस, पावतीसकट. जुन्या माणसानं पावत्या दिल्या नाहीत ना तुम्हाला?"

हे शेवटचं वाक्य. माझ्या मनातलंच कुणीतरी बोललं.

मी म्हटलं, फोनवरून पाठवते. तो म्हणाला, ठेक्याचा हिशोब रोखीत असतो. तिथंच खटकायला हवं होतं. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी देते. त्यानं वही उलटवली, "चालेल की. नारळवाले अण्णा सतरा नंबर मागतायत, त्यांना लिहितो." नारळवाले अण्णा खरोखर दोन महिने माझ्या सावलीवर डोळा ठेवून होते. म्हणजे हा आधी एखाददुसरा गुरुवार नुसता फिरून, चहा पीत, कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते ऐकून गेला होता. ते मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी गल्ल्यातले अठराशे काढले, सातशे बांगड्यावालीकडून उसने घेतले आणि त्याच्या हातावर ठेवले.

त्यानं पावती फाडली. छापील, ग्रामपंचायतीचं नाव, गोल शिक्का, खाली सही. दोन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण रकमेची पावती मिळाली म्हणून मी ती घडी घालून पर्समध्ये देवाच्या फोटोमागं ठेवली. सांगायला लाज वाटते, पण ठेवली.

आमच्या ओळीत सुकट-बोंबील विकणारी एक मावशी आहे, तिनं एक रुपया दिला नाही. त्यानं बरंच घोळून पाहिलं. ती म्हणाली, "आज बसले, आजचं घे. पुढच्या गुरुवारी मी जिती असेन का मेली, तुला काय ठाव?" तो पुढं गेला.

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी मी आरामात साडेसातला पोचले. जागा नंबरावर होती ना! पाहते तर १७ लिहिलेल्या दगडाशी एक बाई चिंचेचे गोळे मांडून बसलेली. मी म्हटलं, उठा, ही माझी जागा. ती म्हणाली, मी पैसे भरलेत. मी पावती काढली, तिनंही काढली. दोन्हींवर १७. पुढं जे झालं ते लिहायला बरं वाटत नाही. तिची पावती खोटी म्हणून मी ओरडले, माझी खोटी म्हणून ती ओरडली. मी तिची पाटी ओढली, दोन गोळे मातीत गेले. चाळीस माणसं बघत होती. आम्हा दोघींना लुटणारा कुठंतरी निवांत बसला असेल आणि आम्ही एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात. तिनं हजार दिले होते. महिनाभर चिंच फोडून साठवलेले.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई पिशवी घेऊन आला, तीस तीस गोळा करत. आम्ही दोघींनी त्यालाच धरलं. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "कुठला ठेका? यंदा दोनदा लिलाव लावला, बोलीच लागली नाही. पंचायतच वसुली करतीय."

म्हणजे ठेकेदार खोटा नव्हता. ठेकेदारच नव्हता. जुना जायच्या बेतात, नवा आलेला नाही, आणि येणाऱ्याचा चेहरा कुणालाच माहीत नाही, अशा एकाच आठवड्यात तो शिरला. एरवी कुठल्याही गुरुवारी आला असता तर जुन्या माणसानंच त्याला पिटाळला असता.

पंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (आता पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण हाक तीच) पावती हातात घेतली आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं 'नमुना ८'. "वहिनी, नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीचं रजिस्टर. ही पावती कशी असेल?" आमच्या घराचा नमुना ८ चा उतारा मी स्वतः दोनदा काढलाय, एकदा तर वीज मीटरसाठी. तरी त्या पावतीवर ते दिसलं नाही. मी फक्त रक्कम बरोबर लिहिलीय का तेवढंच वाचलं होतं. वर पावतीपुस्तकाचा नंबरही नव्हता. शिवाय लिलाव झाला की कुणाला ठेका गेला आणि फी किती ठरली हे पंचायतीत विचारलं तर सांगतात. बाजाराच्या ओट्यापासून पंचायत दोनशे पावलांवर. दोन वर्षांत मी तिथं एकदाही विचारायला गेले नव्हते.

चौदा जणांचा मिळून अर्ज पोलिसांकडे दिला. आता चारशेवीस राहिलं नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, हे तिथं कळलं. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "फोटो आहे का कुणाकडं?" दिवसभर आम्ही फोन हातात घेऊन बसतो, मेथीचे फोटो काढतो, पण पैसे घेणाऱ्याचा एकीनंही काढला नाही. दोघांनी मात्र रोख नाही म्हणून त्या पोरग्याच्या फोनवर पैसे पाठवले होते. त्यांनी १९३० ला (ऑनलाइन फसवणुकीसाठीचा सरकारी फोन नंबर) फोन करून तक्रार नोंदवली, कारण त्यांच्याकडे खातं होतं, व्यवहाराचा नंबर होता. आम्हा बाकीच्यांकडे फक्त पावती. फसलात आणि फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० लावा, दुसऱ्या दिवशी नको. पैसे अजून कुणाचेच आलेले नाहीत.

बाजार फी ही त्या दिवसाची असते. उठायच्या आत द्यायची, पावती घ्यायची. अनामत, आगाऊ, कायमची जागा असला शब्द कानावर आला की गल्ला बंद करा आणि त्याला म्हणा, चल पंचायतीत, तिथं देते. खरा असेल तर येईल. नारळवाला जागा घेतो म्हणाला तर घेऊ द्या, मी सांगते ना, एका गुरुवारच्या उन्हानं माझं नुकसान फार तर चारशेचं झालं असतं.

चिंचवाल्या ताईंना मी मातीत गेलेल्या गोळ्यांचे पैसे दिले. त्यांनी घेतले नाहीत, दोन जुड्या मेथी घेतली. आता पिंपळाखाली आम्ही दोघी चार बाय सहात बसतो. तेलरंग काही निघत नाही, घासलेट लावून पाहिलं. सुकटवाली मावशी लांबून हाक मारते, "ए सतरा, सुट्टे हायेत का गं?" आणि आम्ही दोघी एकदमच मान वळवतो.