प्रकाश राज पाहायचा तर हिंदी डब की मूळ भाषा?

‘सिंघम’मधला जयकांत शिक्रे पाहून प्रकाश राज या दाक्षिणात्य नटाच्या नादी लागलेली बरीच मंडळी भेटतात. ‘याचं अजून काय पाहू?’ हा पहिला प्रश्न, आणि पाठोपाठ दुसरा: ‘हिंदीत डब केलेलं पाहू, की मूळ भाषेत सबटायटल लावून?’ पहिल्याला उत्तरं पुष्कळ आहेत. दुसऱ्याला बहुतेक जण ‘जमेल तसं बघ’ म्हणून मोकळे होतात. बाकीच्या नटांच्या बाबतीत ते चालूनही जाईल. या नटाच्या बाबतीत मात्र थोडं थांबून ठरवलेलं बरं, असं मला वाटतं.

दोन्ही रस्त्यांनी मी भरपूर हिंडलोय. माझं काय ठरलं ते पुढे येईलच, पण हा सगळा आवडीनिवडीचा मामला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

डबची बाजू आधी घेऊ, कारण ती वाटते तितकी लेचीपेची नाही. घरात सगळ्यांनी मिळून पाहायचं असेल आणि त्यात आई-वडील असतील, तर सबटायटलचा विषय तिथेच संपतो. ती बहुतेक वेळा इंग्रजीत असतात आणि पाहणाऱ्याच्या वाचण्याच्या वेगाची त्यांना फिकीर नसते. डब लावला की कुणी भाजी निवडतंय, कुणी मोबाइलमध्ये बघतंय, तरी कथा सगळ्यांपर्यंत पोचते. हल्ली मराठी वाहिन्यांवर मराठीत डब केलेले दाक्षिणात्य चित्रपटही लागतात, म्हणजे हिंदीचंही बंधन उरलेलं नाही.

डबिंग ही हलकी कला आहे असं तर आपण मराठी माणसांनी म्हणूच नये. हिंदी ‘बाहुबली’त प्रभासच्या तोंडून शरद केळकर बोलतात. ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदेंचा आहे आणि उत्तरेतल्या प्रेक्षकाला आता पुष्पा दुसऱ्या कुठल्या आवाजात चालणारही नाही. ही कामं उत्तमच आहेत. पण दोन्हीकडे तो नायकाचा आवाज आहे, विचार करून निवडलेला. खलनायकाच्या, बापाच्या, पोलीस अधिकाऱ्याच्या वाट्याला इतकी काळजी येत नाही, निदान ऐकताना तरी तसंच वाटतं. आणि प्रकाश राजची निम्मी कारकीर्द याच तीन खुर्च्यांवर बसून झाली आहे.

मूळ भाषेच्या बाजूलाही कटकटी आहेत, त्या लपवत नाही. सर्वांत मोठी म्हणजे डोळे. हा माणूस डोळ्यांनी पुष्कळ बोलतो आणि नेमकं तेव्हाच आपण पडद्याच्या तळाशी दोन ओळी वाचत असतो. दुसरी कटकट याहून त्रासदायक: वाक्य त्याच्या तोंडून पूर्ण व्हायच्या आतच खाली छापलेलं असतं. तो शब्द लांबवत असतो, समोरच्याला घाम फोडत असतो आणि आपल्याला शेवट आधीच कळलेला असतो. तेलुगूतली विनोदी झटापट असेल तर वाचून होईपर्यंत पुढचे दोन टोले होऊन जातात. पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे तमिळ धोतरावर, पांढरी अक्षरं हा आणखी एक छळ, पण तो सेटिंगमध्ये जाऊन मिटवता येतो.

इथपर्यंत हिशेब मांडला तर पारडं डबकडे झुकतं, किमान थकून घरी आलेल्या संध्याकाळी तरी. माझं मन फिरलं ते एका गोष्टीने. डबमध्ये या नटाला स्वतःचा असा एकच आवाज नाही.

शिक्रेचा आवाज आपल्या ओळखीचा आहे, तो त्याचा स्वतःचा आहे. ‘वाँटेड’मधल्या गनीभाईचाही त्याचाच. मग पुढे डब केलेला तेलुगू चित्रपट लावावा, तर तोच चेहरा, तीच मान वेळावण्याची ढब, आणि आवाज कुणा तिसऱ्याचा. पुढचा चित्रपट लावावा तर चौथ्याचा. एकदा ओळखीचा आवाज कानात बसला की हे खटकणं थांबत नाही. परिचयातल्या माणसाला फोन लावावा आणि दर वेळी दुसऱ्यानेच उचलावा, तसं होतं. मी प्रयत्न करून पाहिला, सवय होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

बरं, नुसता आवाज बदलतो असंही नाही. खलनायक म्हटला की डबमध्ये घोगरा, घशातून ओढलेला सूर ठरलेला. प्रकाश राजची तर खासियत अशी की त्याच्या सुराचा भरवसा नसतो. चढवत नेलेलं वाक्य तो अर्ध्यावर सोडून देतो, मध्येच हसतो, एकाएकी रडवेला होतो. शिक्रेचा तो ‘चीटिंग’चा त्रागा आठवा. सगळ्या गोव्याला धाक घालणारा माणूस शाळकरी पोरासारखा कुरकुरतो, म्हणून तर तो लक्षात राहिला. असं काम दुसऱ्याच्या घशातून उमटायला तो दुसराही तेवढ्याच ताकदीचा हवा आणि त्याला वेळही तेवढाच मिळायला हवा. शिवाय डबिंगवाल्याला ओठांशी जुळवून घ्यावं लागतं. तमिळ वाक्य लांब आणि हिंदी आखूड झालं की उरलेल्या जागेत ‘समझा क्या?’ किंवा ‘अरे ओ’ कोंबलं जातं. म्हणजे त्याने मुद्दाम मोकळी सोडलेली जागा दुसऱ्याने भरून टाकली.

याला कुणी नखरे म्हणेल. म्हणू द्या. एरवी मीही डब आनंदाने पाहतो.

कारकीर्दीचा आराखडा डोळ्यांसमोर आणला तर हा मुद्दा अधिक पटेल. गडी बेंगळुरूचा, कन्नड रंगभूमीवरून आलेला. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९९४च्या ‘डुएट’मधून त्याला तमिळमध्ये आणलं. पुढे तेलुगू, मल्याळम, हिंदी. म्हणजे यातली प्रत्येक भाषा त्याने बाहेरून येऊन कमावली आणि तरी दक्षिणेत आपला आवाज सहसा दुसऱ्याच्या हाती दिला नाही. ज्याने इतकी मेहनत केवळ स्वतःच्या तोंडून बोलता यावं म्हणून घेतली, त्याचंच बोलणं काढून टाकून त्याचा चित्रपट पाहायचा, यात मला तरी काही राम दिसत नाही.

एक प्रसंग असा आहे की तिथे डब आणि मूळ यांतला फरक आवाजाच्याही पलीकडे जातो. ‘जय भीम’ (२०२१), सूर्या नायक, प्रकाश राज पोलीस महानिरीक्षक. चौकशीत एक सावकार तमिळ येत असूनही हिंदीत बोलायला लागतो. तो मुद्दाम आड जातोय हे या अधिकाऱ्याला कळतं, आणि एक सणसणीत थप्पड बसते: तमिळमध्ये बोल. या थपडेवरून तेव्हा बराच गदारोळ झाला होता. हिंदी आवृत्तीत थप्पड तशीच आहे, मात्र संवाद ‘खरं बोल’ अशा अर्थाचा करून टाकला आहे. करणार तरी काय? सगळेच हिंदी बोलत असताना कुणी हिंदीत बोलतोय म्हणून त्याला मारायचं कसं? पण त्यामुळे त्या अधिकाऱ्याची चाणाक्ष नजर आणि त्या माणसाची लबाडी दोन्ही पुसली गेली. उरला एक तापट पोलीसवाला. डब करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, तिथे दुसरा रस्ताच नव्हता. पाहणाऱ्यापुढे मात्र रस्ता आहे.

आता मूळ भाषेचा कैवार घेताना एक पथ्य पाळायला हवं. ‘मूळ’ म्हणजे दर वेळी नटाचा स्वतःचा आवाज, असं दक्षिणेत गृहीत धरू नका. आपल्या सयाजी शिंद्यांचंच घ्या. २०००च्या तमिळ ‘भारती’त ते कवी सुब्रमण्य भारती झाले आहेत आणि ते काम डोळ्यांत भरणारं आहे, पण त्यातला आवाज दुसऱ्या नटाचा. सयाजींना पुरते ऐकायचे असतील तर हिंदी ‘शूल’ (१९९९) गाठलेला बरा. म्हणजे माझा नियम ‘मूळ ते चांगलं’ इतका सरळ नाही. नट जिथे स्वतः बोलतो, तिथे त्याला गाठायचं. मणिरत्नमच्या ‘इरुवर’बद्दलही (१९९७) एक गंमत. प्रकाश राजने त्यात द्रविड चळवळीतला लेखक-राजकारणी उभा केला आणि सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्या पात्राच्या कविता गाण्यांच्या अल्बमवर मात्र अरविंद स्वामी या दुसऱ्या नटाच्या आवाजात ऐकू येतात.

‘कांचीवरम’ राहिलाच. प्रियदर्शनचा हा तमिळ चित्रपट, ज्यासाठी प्रकाश राजला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रेशमी साड्या विणणारा, पण आपल्या लेकीला लग्नात रेशमी साडी देण्याची ऐपत नसलेला विणकर. तो रोज थोडा रेशीमधागा तोंडात लपवून घरी नेतो. बोलायची सोयच नाही! तिथे डब काय आणि मूळ काय, सगळं चेहऱ्यावर आहे. तरीही मी तो तमिळमध्येच पाहा म्हणेन, कारण जे थोडं बोलणं आहे ते त्या मागातून आणि त्या वस्तीतून आल्यासारखं वाटतं.

डब कुणी निवडावा मग? ज्यांना इंग्रजी सबटायटल वाचताना ताण येतो, त्यांनी खुशाल निवडावा. ज्यांना मारामारी आणि गाणी यांसाठीच चित्रपट लावायचा आहे, त्यांनीही. माझ्या घरी दुपारी जेवणं झाल्यावर डबच लागतो आणि मी तक्रार करत नाही. एक लक्षात ठेवा, डब करताना नावं बदलतात आणि एकच चित्रपट दोन-तीन नावांनी भेटतो. तेव्हा नव्या नावाला भुलून जुनाच लावून बसू नका.

ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. ती या नटाच्याच कारकिर्दीने करून ठेवली आहे. एकच भूमिका त्याने वेगवेगळ्या भाषांत पुन्हापुन्हा केली आहे. ‘सिंघम’ ज्याच्यावरून बेतला तो तमिळ ‘सिंगम’ (२०१०). त्यातही खलनायक तोच. महेश बाबूचा तेलुगू ‘पोकिरी’ (२००६), विजयचा तमिळ ‘पोक्किरी’ (२००७) आणि सलमानचा ‘वाँटेड’ (२००९), तिन्हींतला डॉन तोच. तेलुगू ‘ओक्कडू’ (२००३) आणि त्याचा तमिळ रिमेक ‘गिल्ली’ (२००४), दोन्हींतला माथेफिरू तोच. तेलुगू ‘बोम्मरिल्लू’मधला, मुलाचं सगळं स्वतःच ठरवणारा बाप तमिळ ‘संतोष सुब्रमण्यम’मध्येही तोच.

याचा फायदा असा की कथा आपल्याला आधीच ठाऊक असते. सबटायटलकडे अधूनमधून नजर टाकली तरी भागतं आणि डोळे चेहऱ्यावर ठेवता येतात. वर सांगितलेली सर्वांत मोठी कटकट इथे जवळजवळ नाहीशी होते. मला तर ‘वाँटेड’नंतर ‘पोकिरी’ पाहताना गनीभाईपेक्षा तिथला अलीभाई अधिक सैल, अधिक खोडकर वाटला. हिंदीत तो थोडा जपून बोलत असावा. तुम्हाला उलटंही वाटू शकेल. त्या ‘पोकिरी’त अलीभाईच्या पाठीमागे लागलेला पोलीस आयुक्त म्हणजे सयाजी शिंदे, हा आणखी एक लाभ.

सुरुवात ‘सिंगम’पासून करा. ‘सिंघम’ पाठ असल्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातच कळेल की वाचणं आपल्याला झेपतंय की नाही. झेपलं तर लगेच ‘पोकिरी’, आणि मग एखाद्या निवांत रात्री ‘कांचीवरम’. नाहीच झेपलं तर डब आहेच. मात्र ‘जय भीम’ तेवढा तमिळमध्ये पाहा.