घरी ठेवायचं चमकणारं समुद्री शैवाल: किट वापरून बघितल्यावर

ज्यांना समुद्रातल्या चमकणाऱ्या जीवांचं वेड आहे त्यांच्यासाठी लिहितेय, कारण हे किट घेऊ का म्हणून बरेच जण विचारतात आणि दुकानाच्या पानावर फक्त "वाह, मस्त" एवढंच दिसतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, असे किट बरेच जण विकतात आणि आत साधारण तेच असतं. काचेची गोल बाटली, पोषक द्रव्य मिसळलेलं खारं पाणी, आणि एका पाऊचमध्ये जिवंत पायरोसिस्टिस फ्युजिफॉर्मिस, म्हणजे एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा एक प्रकार. एक पेशी जवळपास १ मिलिमीटरपर्यंत लांब होते त्यामुळे बाटली उजेडात धरली की बारीक ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात, मला तर हेच आधी आवडलं.

आता खोक्याबद्दल. खोक्यावर अँगलरफिशचं चित्र आहे, तोच तो डोक्यावर दिवा लटकवलेला मासा, आणि "खोल समुद्रातला प्रकाश तुमच्या खोलीत" असं छापलंय. हे पटलं नाही. अँगलरफिशच्या त्या दिव्यात बॅक्टेरिया राहतात आणि उजेड ते पाडतात, माशाचा स्वतःचा उजेड नसतो. बॅक्टेरियाचा उजेड सलग चालू राहतो, म्हणून असेच बॅक्टेरिया बाळगणाऱ्या फ्लॅशलाइट फिश नावाच्या माशांना तो झाकायची सोय लागते, त्यातला फोटोब्लेफेरॉन हा प्रकार डोळ्याखालच्या चमकणाऱ्या अवयवावर पापणीसारखा पडदा ओढतो आणि अ‍ॅनोमॅलॉप्स अख्खा अवयवच आत फिरवतो. लँटर्नफिश या तिसऱ्या माशांचं अजून वेगळं, ते प्रकाश स्वतःच्या शरीरात तयार करतात. आणि आपल्या बाटलीतलं शैवाल? ते धक्का लागला तरच चमकतं, क्षणभर, आणि परत अंधार. तीन वेगळ्या गोष्टी एका चित्रात कोंबल्या की मुलं चुकीचं शिकतात, आणि हे किट मुलांसाठीच जास्त घेतलं जातं ना!

पण वस्तू म्हणून? जमून गेलंय. रात्री बाटली हळूच फिरवली की आतून निळी लाट धावते आणि दरवेळी अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत. होतं काय, तर पाण्याचा ताण पेशीच्या पडद्यावर पडतो, आतून एक विद्युत संदेश जातो, सिंटिलॉन नावाच्या बारीक पिशव्यांमध्ये प्रोटॉन घुसतात, तिथलं पाणी आम्लधर्मी होतं, आणि मग ल्युसिफेरेज हे एन्झाइम ल्युसिफेरिनचं, म्हणजे चमक देणाऱ्या रसायनाचं, ऑक्सिजनशी जमवून देतं आणि निळा प्रकाश बाहेर पडतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू होतं. आणि निळाच का, तर समुद्राच्या पाण्यात निळा प्रकाश सगळ्यात लांब जातो, खोल पाण्यातल्या बहुतेक माशांचे डोळेही त्याच रंगाला तेज असतात. शैवालाला याचा उपयोग काय, याचं एक प्रसिद्ध उत्तर म्हणजे चोरघंटा. कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव, शैवाल खायला आला की ते चमकतं, त्या उजेडात कोपेपॉड दिसतो, आणि त्याला खाणारा मासा येतो.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. पार्सलमधली माहितीपत्रिका म्हणते "हलवा आणि मजा बघा", आणि बस्स. खरं तर यात सगळा खेळ दिवसरात्रीचा आहे. या पेशींच्या आत घड्याळ असतं, दिवसा तुम्ही बाथरूममध्ये दार लावून अंधार केलात तरी चमक जवळजवळ दिसत नाही. १२ तास उजेड, १२ तास अंधार, हा नेम पाळा, साध्या एलईडी दिव्याखाली चालतं, थेट उन्हात ठेवू नका कारण बाटली तापते आणि मग सगळं तळाला जाऊन मरतं. पार्सल अंधारात येतं त्यामुळे पहिले काही दिवस निराश व्हाल, तेव्हा लगेच वाईट रिव्ह्यू टाकू नका, नेम बसू द्या. आणि सारखं सारखं हलवू नका!! एकदा चमकल्यावर रसायन परत भरायला वेळ लागतो आणि सतत ढवळलं तर वाढही खुंटते. म्हणजे पत्रिकेतली एकमेव सूचनाच शैवालाच्या मुळावर उठते, याचा मला खरंच राग आला, कारण जिवंत गोष्ट विकताना त्याला जगवायचं कसं हे आधी सांगायला हवं.

बघायची पद्धत पण सांगत नाहीत. अंधारात निदान २० मिनिटं बसा, मोबाइल दूर ठेवा, डोळे सरावले की मग हलवा. थेट न बघता जरा बाजूला बघितलं तर जास्त उजळ दिसतं, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यबिंदूत नसतात. फोटोत मात्र जाहिरातीसारखं येणार नाही, ते फोटो लांब एक्सपोजरचे असतात.

बाटली छान आहे, काच जाड आणि स्वच्छ. झाकण घट्ट लावू नका, जरा सैल ठेवा. पोषक पाणी मात्र कमी देतात, संख्या वाढली की अर्धं दुसऱ्या बाटलीत काढून ताजं पाणी घालावं लागतं, ते जास्तीचं आधीच मागवा.

शाळेसाठी घेणार असाल तर जरूर घ्या, सोबत शास्त्रज्ञ शिमोमुरांची गोष्ट सांगा, ज्यांनी जेलीफिशच्या चमकीचा शोध घेताना हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं आणि २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल चाल्फी आणि त्सिएन यांच्यासोबत मिळवलं. आज पेशीच्या आत काय चाललंय ते बघायला ते प्रथिन प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरतात. दिव्याची सजावट म्हणून हवं असेल तर घेऊ नका, रोज काळजी लागते.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक गुण पत्रिकेमुळे कापला. आणि कधी नको झालं तर नदीत, तळ्यात किंवा समुद्रात ओतू नका, ब्लीच घालून रात्रभर ठेवा आणि मग सिंकमध्ये सोडा.