जुना ट्रॅक्टर ओढायला: सरळ दांडा की ए-आकाराचा?

सरळ दांडा अर्ध्या दिवसात होतो. 60 ते 75 मिमी व्यासाचा जाड पाइप घ्या, दोन्ही टोकांना 16 मिमी पट्टीचे डोळे (पिनसाठी भोक असलेले तुकडे) वेल्ड करा आणि 25 मिमीची पिन वापरा. भोक पिनपेक्षा 1-2 मिमीच मोठे ठेवा. जास्त सैल असेल तर प्रत्येक धक्क्याला डोळा ओढला जाऊन लांबट होतो. मात्र मागच्या ट्रॅक्टरवर स्टिअरिंग धरणारा माणूस लागतोच, आणि ब्रेक चालू हवेत.

ए-आकाराच्या दांड्याचे दोन पाय पुढच्या अ‍ॅक्सलला दूरदूर बसतात, त्यामुळे ट्रॅक्टर आडवा कमी झुलतो. पण चाके आपोआप वळतील हे गृहीत धरू नका: स्टिअरिंग जड असेल, विशेषतः इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंगचे, तर वळणावर चाके घासत जातात. पाय अ‍ॅक्सलला पिनने जोडा, म्हणजे खड्ड्यात वर-खाली हलतील. घट्ट वेल्ड केलेला सांधा तिथेच तडकतो. बिडाच्या भागावर तर वेल्डिंग नकोच.

शेतातून शेडपर्यंत सरळ दांडा पुरे. लांब जायचे तर ट्रेलरच बरा. काहीही निवडा, पुढे ओढणारे वाहन जड हवे, जोडणी खालच्या ड्रॉबारलाच (ओढण्यासाठी मागे असलेल्या पट्टीलाच) हवी. टॉपलिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याच्या) जागी जोडले तर ओढणारा ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. मागच्या ट्रॅक्टरचा गिअर आणि हाय-लो (वेगाची श्रेणी बदलणारा) लिव्हर दोन्ही न्यूट्रलमध्ये, पिनला लॉक, वेग चालण्याइतकाच.