नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणारं लॅकर: डीबीपी, डीओपी, एरंडेल की सायट्रेट?

दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी सागवानी टेबलाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारून दिलं होतं. मे महिन्यात फोन आला, "भाऊ, टेबलाला घाम सुटला." जाऊन बघतो तर खरंच. बोट फिरवलं की तेलकट रेघ उमटे. सकाळचा पेपर दुपारपर्यंत टेबलावर पडून होता, तो उचलला तर मथळ्याची अक्षरं टेबलावर उलटी छापलेली. दोष लाकडाचा नव्हता, कापसाचाही (धंद्यात एनसीला कापूसच म्हणतात) नव्हता. कच्चं एरंडेल मीच जरा सढळ हाताने ओतलं होतं.

हिंगणा-बुटीबोरीकडे छोट्या बॅचमध्ये लॅकर बनवणाऱ्यांनी किंवा तयार डबा घेताना "आत काय आहे?" असं विचारणाऱ्यांनी प्लास्टिसायझरची, म्हणजे थर लवचीक ठेवणाऱ्या पदार्थाची, निवड कशी करावी, ते माझ्या अनुभवातून सांगतो.

नुसतं नायट्रोसेल्युलोज वाळलं की काचेसारखं ठिसूळ होतं. लाकूड मात्र स्वस्थ बसत नाही. श्रावणात ओल पिऊन फुगतं, मेच्या कोरड्या हवेत आकसतं. वरचा थर त्याच्यासोबत ताणला गेला नाही तर केसासारखे बारीक तडे जातात. प्लास्टिसायझर रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतो. कमी पडला तर तडे, जास्त झाला तर चिकचिक. आपल्याकडे पंचाईत अशी की मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री दहाच्या खाली उतरतो, म्हणजे दोन्ही परीक्षा एकाच वर्षात.

डीबीपी (डायब्युटाइल थॅलेट) हा जुना सवयीचा गडी. एनसी त्यात सहज विरघळते, थर लवकर लवचीक होतो, नवख्याच्या हातूनही काम बिघडत नाही. पण त्याचा रेणू हलका आहे, रेणुभार २७८. तो सावकाश उडत राहतो. पहिल्या वर्षी सुंदर दिसणारं कपाट चार-पाच उन्हाळ्यांनंतर तडकायला लागतं, ते बऱ्याचदा यामुळेच. सेल्युलॉइडमधल्या कापराचीही हीच गत होती. शिवाय प्रजननक्षमतेवर परिणाम करणारं रसायन म्हणून युरोपात त्याची नोंद आहे. २००४पासून तिथे ते सौंदर्यप्रसाधनांत चालत नाही. नेलपॉलिश म्हणजे शेवटी रंगीत एनसी लॅकरच. बंद खोलीत मास्क न लावता फवारणारी आपली पोरं दिवसभर तेच हुंगतात, हे मला आता खटकतं.

डीओपी (डायऑक्टाइल थॅलेट) जड आहे, रेणुभार ३९०चा. उडायचं प्रमाण कितीतरी कमी, म्हणून उन्हाळे जास्त काढतो. एनसीला विरघळवण्याची ताकद डीबीपीपेक्षा कमी, त्यामुळे एकट्याच्या भरवशावर भरमसाट घालू नये. माफक असला तर घरगुती फर्निचरला मी डोळे झाकून डीबीपीऐवजी हाच घेईन. आरोग्याच्या बाबतीत मात्र दोघं एकाच थॅलेट घराण्यातले. युरोपात २०२०पासून बहुतेक वस्तूंमध्ये या दोघांसह चार थॅलेटवर मिळून ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. आपल्याकडेही खेळण्यांसाठी आयएस ९८७३च्या नवव्या भागात थॅलेटची तपासणी आहे आणि १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणन सक्तीचं झालंय.

म्हणून लाकडी खेळणी, पाळणा, बाळाची खुर्ची किंवा निर्यातीचं काम असेल तर प्रश्न मिटला: एटीबीसी (असिटाइल ट्रायब्युटाइल सायट्रेट), म्हणजे सायट्रेट. रेणुभार ४०२, एनसीशी छान जुळतं, थॅलेट नाही. महाग आहे, चांगलंच महाग. पण एका पाळण्याला लॅकर लागतं किती, आणि त्यात प्लास्टिसायझर किती? तिथे किलोच्या भावाकडे बघून काटकसर करणं मला पटत नाही. अख्ख्या हॉलचं फर्निचर असेल तर गोष्ट वेगळी.

आता एरंडेल. ते एनसीला विरघळवत नाही, फक्त साखळ्यांच्या मध्ये बसून राहतं, आणि गरमीत हळूहळू वर येतं. हवा फुंकून घट्ट केलेलं एरंडेल जास्त सामावतं, पण तेही दुसऱ्या एखाद्या प्लास्टिसायझरच्या जोडीने. गंमत म्हणजे हेच एरंडेल अल्किड रेझिनमध्ये, म्हणजे तेल वापरून बनवलेल्या कृत्रिम राळेत, रासायनिक बंधाने अडकवलं की घाम सुटायचा प्रश्नच राहत नाही. शॉर्ट ऑइल (कमी तेलाचं) एरंडेल अल्किड किंवा नारळ अल्किड स्वतःच प्लास्टिसायझरचं काम करतात. ते उडत नाहीत, बाहेर येत नाहीत, वर भराव आणि चकाकीही देतात. नारळाचं पिवळंही कमी पडतं, त्यामुळे फिक्या लाकडाला तेच बरं. माझ्या मते नागपुरात लॅकरचा मुख्य भार अल्किडनेच उचलावा आणि पातळ प्लास्टिसायझर वरून चवीपुरता टाकावा. निवडीतला अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

क्लोरिनेटेड पॅराफिन म्हणजे बाजारातलं सीपीडब्ल्यू. स्वस्त म्हणून कोणी सुचवेल, पण एकट्याने ते एनसीशी नीट नांदत नाही. मी घेत नाही. मेलामाइन पॉलिशमध्ये लवचीकपणा अल्किडकडूनच येतो, त्यामुळे तिथे ही डोकेफोड फारशी करावी लागत नाही.

प्रमाणात मात्र लोक हमखास फसतात. कापूस अल्कोहोलने भिजवलेला येतो, साधारण ३० टक्के. म्हणजे एक किलो तोलला तर खरी एनसी ७०० ग्रॅम. (तो वाळू देऊ नका, कोरडी एनसी ठिणगीचीच वाट बघत असते.) भिजल्या कापसाऐवजी एनसीच्या तयार चिप्स घेतल्या तर त्यांत बहुधा १८ ते २० टक्के डीबीपी आधीच असतो. तो न मोजता वरून ओतलं की मे महिन्यात फोन येणारच. आता मी १०० भाग कोरड्या एनसीला ८० ते १०० भाग अल्किड, तेही त्यातलं सॉल्व्हंट वजा करून, आणि २० भाग डीओपी किंवा एटीबीसी धरतो.

नवीन मिश्रण गिऱ्हाइकाच्या घरी जाण्याआधी प्लायच्या तीन तुकड्यांवर मारून बघा. एका तुकड्याला दुपारी गच्चीवर ठेवा आणि रात्री फ्रीझरमध्ये, असे दहा दिवस. तडे गेले तर प्लास्टिसायझर कमी आहे. दुसऱ्यावर पेपर ठेवून वर भरलेली पाण्याची बाटली. अक्षरं उमटली तर जास्त आहे. तिसऱ्यावर तशीच बाटली, पण खाली पीव्हीसीचा तुकडा. कारण त्या प्लास्टिकमध्येही असलाच प्लास्टिसायझर असतो आणि तो लॅकरमध्ये उतरून चांगला थर मऊ पाडतो. तिथे शिव्या मात्र पॉलिशवाल्याला बसतात.

महालातलं टेबल मी घासून, नव्या मिश्रणाने फुकटात करून दिलं. काकूंनी कौतुकाने बघितलं आणि त्यावर लगेच पीव्हीसीचं पारदर्शक कव्हर अंथरलं. मी ते तिथल्या तिथे गुंडाळून त्यांच्या हातात दिलं आणि सुती टेबलक्लॉथ मागितला.