लक्झरची एक दिवसाची सहल : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात आमच्या टेबलावरच्या दगडी वाडग्यात कापलेले लिंबू रात्रभर राहिले आणि सकाळी वाडग्याच्या तळाशी रुपयाएवढा पांढुरका, हाताला खरखरीत लागणारा डाग दिसला. हा वाडगा मी मार्चमध्ये इजिप्तमधल्या लक्झरला, नाईल नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका दुकानातून आणला होता. त्या सहलीबद्दल परत आल्यावर लिहायचे राहूनच गेले होते. डाग पाहिला आणि आता लिहायला बसले.

सहल नेहमीचीच होती : प्राचीन राजांची थडगी असलेले राजांचे खोरे, हातशेप्सुत राणीचे मंदिर, मेम्नॉनचे पुतळे, जेवण आणि शेवटी कर्नाकचे मंदिर. आई आणि मी धरून गाडीत नऊ जण होतो. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला थांबा म्हणजे ‘अलाबास्टरचा कारखाना’, म्हणजे त्या नावाच्या फिकट दगडाच्या वस्तूंचे दुकान. दाराशी तिघे जण सतरंजीवर बसून दगड घासत होते. आत एकाने फुलदाणीत पेटता बल्ब सोडून दगड मधाच्या रंगाने कसा उजळतो ते दाखवले आणि मग भरलेल्या फळ्यांसमोर आम्हाला मोकळे सोडले. तिथे ५० मिनिटे गेली. हातशेप्सुतच्या मंदिराला ५५ मिनिटे मिळाली होती.

या ५० मिनिटांचा हिशेब मी अजून विसरलेले नाही, कारण ती कर्नाकमधून कापली गेली. कर्नाकच्या मोठ्या स्तंभमंडपात १३४ खांब आहेत. मधल्या ओळींतले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच असून त्यांचे माथे उमललेल्या पपायरससारखे आहेत, तर बाजूच्या १२२ खांबांचे माथे मिटलेल्या कळ्यांचे आहेत. हा फरक माझ्या लक्षात आला तो निघायची हाक आल्यावर. हातशेप्सुतचा उभा ओबेलिस्क, म्हणजे टोकदार माथ्याचा उंच दगडी स्तंभ, मी लांबूनच पाहिला. ज्या राणीच्या मंदिरात सकाळी पुंत देशाहून मुळांसकट टोपल्यांतून आणलेली सुगंधी झाडे भिंतीवर पाहिली होती, आणि मागाहून छिन्नीने खरवडून काढलेल्या तिच्या आकृत्याही पाहिल्या होत्या, तिच्या त्या स्तंभापाशी दहा मिनिटे उभे राहता यावे, एवढीच माझी अपेक्षा होती.

मार्गदर्शकाबद्दल मात्र माझे मत बदलले आहे. परतल्यावर कंपनीने अभिप्राय मागितला, तेव्हा तो एकाही थडग्यात आमच्याबरोबर उतरला नाही म्हणून मी त्याला कमी गुण दिले होते. नंतर कळले की राजांच्या खोऱ्यात थडग्यांच्या आत मार्गदर्शकांनी माहिती सांगण्यास मनाईच आहे, कारण अरुंद वाटेत गर्दी तुंबते आणि माणसांच्या श्वासातला ओलावा रंगांना मारक ठरतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, हे ठाऊक असूनही मला ते तिथे सुचले नाही. त्याने बाहेर सावलीत बसवून, छापील चित्रांवर बोट ठेवून पाऊण तास जे सांगितले, त्याच्याच आधारावर मी आत काही पाहू शकले. मुख्य तिकिटात तीन थडगी बघता येतात. आईच्या गुडघ्यांचा विचार करून, मेर्नेप्ताह राजाच्या थडग्याचा खोल उतार टाळून चौथ्या रामसेसचे सौम्य उताराचे थडगे घ्या, हेही त्यानेच सुचवले.

पाचव्या व सहाव्या रामसेसच्या थडग्याचे वेगळे तिकीट मी काढले, ते सार्थकी लागले. शवपेटीच्या दालनात छतभर नूत या आकाशदेवीची दुहेरी आकृती पाठीला पाठ लावून पसरली आहे : संध्याकाळी ती सूर्य गिळते, तो रात्रभर तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे पुन्हा जन्मतो. गडद निळ्यावरचा तो पिवळा रंग आणि त्याखाली फुटून पडलेली राजाची दगडी शवपेटी यांच्यामध्ये आई काही न बोलता मान वर करून उभी राहिली. शेवटी रखवालदाराने पुढे चला अशी खूण केली.

पहिला सेती या राजाच्या थडग्याचे तिकीट मुख्य तिकिटाच्या दुपटीहून महाग होते. दोघींचे मिळून फार होतील म्हणून मी ते नाकारले आणि तीन तासांनी त्या दुकानात, घासाघीस करूनही, एका तिकिटाहून थोडीच कमी रक्कम मोजून वाडगा घेतला. मनाला लागून राहिले आहे ते हेच. डागाचे कारण शोधताना समजले की इजिप्तचा अलाबास्टर म्हणजे कॅल्साइट हे चुन्याचे खनिज, आणि त्याला लिंबाचा आम्ल रस खातो. दुकानात हे कोणी सांगितले नाही. सेतीची शवपेटीही याच दगडाची आहे. १८१७ मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाला ते थडगे सापडले. १८२४ मध्ये वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी ती पेटी २,००० पौंडांना विकत घेतली आणि ती आजही लंडनमध्ये त्यांच्या संग्रहालयात आहे. पेटी गेली तरी भिंती तिथेच आहेत. एका दालनात चित्रकारांची नुसती रेखाटनेच भिंतीवर राहिली आहेत, ती कधी कोरलीच गेली नाहीत. मार्गदर्शकाच्या छापील चित्रांत ते पान होते आणि त्याने मला ते दोनदा उलटून दाखवले होते.

सहल घ्यावी, असेच मी सांगेन. मार्गदर्शकाशिवाय त्या खोऱ्यात जाऊ नये. मात्र आरक्षण करतानाच दुकानाचा थांबा नको, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. धाकटा भाऊ जानेवारीत जातो आहे. त्याच्या आरक्षणात ती ओळ मी स्वतः लिहून घेतली, आणि सेतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या पाकिटात घालून त्याच्या हाती दिले.