धंतोलीतलं हॅण्ड थेरपी सेंटर: ज्यांच्या हाताची नस गेली त्यांनी वाचा

बाईकवरून पडलो, खांदा आणि मान दोन दिशेला ताणले गेले आणि मानेतून हातात जाणाऱ्या पाचही नसा (रक्ताच्या नाही, नर्व्ह; डॉक्टर त्यांना सी ५ ते टी १ म्हणतात) मुळापासून गेल्या. याला ब्रेकियल प्लेक्सस इंज्युरी म्हणतात आणि बाईकवाल्यांना जास्त होते. उजवा हात पूर्ण लुळा. ऑपरेशन बाहेरगावी झालं, बरगड्यांमधल्या नसा घेऊन दंडाच्या बायसेप्सला, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या स्नायूला, जोडल्या. इथवर सगळं सर्जनचं काम होतं, पण त्यानंतर वर्षानुवर्षं जे करावं लागते ते कुठे करायचं हे नागपुरात कोणी धड सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू लिहून राहिलो, तोही डाव्या हाताने आणि अर्धा बोलून, तेव्हा शुद्धलेखनाला माफी असावी.

आधी गल्लीतल्या एका फिजिओकडे जात होतो. तिथे ठरलेलं, शेक, मग करंटचं मशीन, मग या उद्या. ज्या हाताला गरम-थंड काहीच कळत नाही त्यावर गरम पॅक ठेवून माणूस दुसऱ्या पेशंटकडे निघून जाते, सांगा आता. भाजलं असतं तर मला पत्ता लागला नसता, फोड दिसल्यावरच कळलं असतं.

धंतोलीच्या या सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी मॅडमनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, म्हणजे रोजची कामं परत करता यावी म्हणून थेरपी देणाऱ्या) मशीन लावलंच नाही. ऑपरेशनचे कागद पूर्ण वाचले, प्रत्येक स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये लिहून काढली आणि स्पष्ट सांगितलं की नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे कित्येक महिने बाहेरून काहीच दिसणार नाही, घाबरायचं नाही आणि रोज सांधे हलवणं सोडायचंही नाही, कारण नस पोचेपर्यंत खांदा आणि बोटं आखडून बसली तर पोचून उपयोग काय. आणि कोपर वाकेल अशी आशा आहे, पण बोटांचं सांगत नाही, बहुतेक नाही येणार, हे पण तोंडावर सांगितलं. बायको बाहेर येऊन रडली. पण खरं सांगू, मला तिथेच बरं वाटलं. तोवर जो तो 'होईल हो भाऊ, टेन्शन नका घेऊ' एवढंच म्हणून राहिला होता.

स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार द्यायचा कडक साचा, इथेच बनवून देतात, रेडिमेड देत नाहीत. ट्रेमध्ये गरम पाणी असते, त्यात पांढरी प्लास्टिकची शीट टाकतात, ती मऊ होऊन काचेसारखी आरपार दिसायला लागते, मग बाहेर काढून पुसायची, आधी मॅडम स्वतःच्या मनगटावर लावून बघतात, मग माझ्या डाव्या हातावर, विचारतात चटका बसते का, आणि मगच उजव्या हातावर गुंडाळतात. थंड होता होता परत पांढरी आणि कडक. कडा घासून गोल करून देतात कारण टोचलेलं मला कळत नाही. घरी गेल्यावर काढून कातडी लाल झाली का ते बघायचं, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर परत या, अॅडजस्ट करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

व्यायामाचं तर वेगळंच. नस बरगडीची असल्यामुळे कोपर वाकवायला जोरात श्वास घ्यावा लागते. 'श्वास घ्या, धरा, आता वाकवा.' कितीतरी दिवस मी नुसता श्वासच घेत बसलो. मग एकदा घरी शिंक आली आणि दंडात काहीतरी टुणकन उडलं. दुसऱ्या दिवशी सेंटरला सांगितलं तर मॅडमनी दंडावर बोट ठेवून खोकायला लावलं आणि वहीत १ लिहिलं. आता ३ आहे, म्हणजे हात स्वतःचं वजन उचलून वाकते आणि साधा वाकवायचा म्हटलं तरी श्वास आपसूक ओढला जाते. पिशवी कोपरात अडकते, कागद दाबून धरता येते, उजव्या हाताचं काम सध्या एवढंच.

दुखण्याबद्दल: मुळातून उपटलेल्या नसेचं दुखणं ज्यांना आहे त्यांनाच माहीत, लुळ्या हातात आग लागल्यासारखं. गोळ्या डॉक्टरांच्याच, इथे त्यात ढवळाढवळ करत नाहीत. आरशाची पेटी मात्र करून घेतात, डावा हात हलवायचा आणि आरशात तो उजवा समजून बघायचा. मला थोडाच फरक पडला, माझ्या बाजूच्या खुर्चीवरच्या काकांना बराच पडला म्हणे.

डाव्या हाताने जेवायचं पण इथेच शिकवलं. तर्री-पोहे जमते, सावजीचा रस्सा अजून शर्टावर जाते. लग्नाच्या पंगतीत एखादी मावशी 'उजव्या हातानं जेव बापा' म्हणतेच, त्याचा इलाज इथे नाही.

आता तक्रारी. दुसरा मजला आणि लिफ्ट बरेचदा बंद. रिसेप्शनवर दर वेळी पेनने फॉर्म भरायला देतात, अहो इथे येणाऱ्या अर्ध्या लोकांचा लिहायचा हातच गेलेला असते! एसी एवढा गार ठेवतात की बाहेर ४५ डिग्री आणि आत माझा हात निळा पडून ठणकायला लागते, नस गेलेल्या हाताला थंडी सोसत नाही हे यांना मी सांगावं का? मी शाल घेऊन जातो, मे महिन्यात, लोक बघतात. फी गल्लीतल्या फिजिओच्या जवळपास दुप्पट आहे आणि पॅकेज घेतलं तरी फार सूट नाही.

अजून ऑपरेशन झालं नसेल तर आधी सर्जन गाठा, ६ महिन्यांच्या आत दाखवलं तर बरं, कारण वर्ष-दीड वर्ष नस न पोचलेला स्नायू मग ऐकत नाही. नुसती थेरपी करत बसू नका, हे पण इथल्याच मॅडम सांगतात, स्वतःचं गिऱ्हाईक जात असलं तरी. पाचपैकी चार स्टार, एक लिफ्ट आणि एसीचा कापला. संध्याकाळी गर्दी असते, सकाळची वेळ मागा आणि फोन करूनच निघा.