नऊ महिने उशाशी असलेला मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा इतिहास

युरोपातल्या मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा हा एकखंडी इंग्रजी इतिहास मी जूनमध्ये मागवला. आता फेब्रुवारी संपत आलाय. रोज पहाटे चार-पाच पानं, शेजारी वही आणि पेन्सिल, असा क्रम धरला होता. एकदा पुरतं वाचून झालं, आता दुसरी फेरी चालू आहे.

आधी तक्रार. तिसऱ्याच महिन्यात इब्न सीना या तत्त्वज्ञाच्या प्रकरणातली आठ पानं हातात आली. पाठ नुसती चिकटवलेली, शिवण नव्हतीच. बदलून द्यायची मुदत संपली, असं विक्रेत्याने कळवलं. शेवटी ओळखीच्या बाइंडरकडून टोचून शिवून घेतलं. आतल्या समासाकडची अक्षरं आता थोडी दबतात, पण पान हलत नाही. एवढ्या महागाच्या पुस्तकाला हे शोभत नाही.

मजकुरासाठी मात्र मी हे पुन्हा विकत घेईन. शाळेत ज्या काळाला ‘अंधारयुग’ म्हणून दोन ओळींत उरकलं, त्या काळात माणसं एकमेकांशी किती नेटाने आणि किती सचोटीने वाद घालत होती! १०७७-७८च्या सुमारास फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या बेक मठात अॅन्सेल्म नावाच्या संन्याशाने मांडलं: ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही, ते नुसतं मनात असून भागत नाही, प्रत्यक्षातही असायलाच हवं, तोच ईश्वर. त्यावर गॉनिलो नावाच्या दुसऱ्या मठातल्या संन्याशाने विचारलं, मग सर्वांत उत्तम असं एखादं हरवलेलं बेटही असायलाच हवं की! अॅन्सेल्मने उत्तर लिहिलं आणि सांगून ठेवलं, माझ्या ग्रंथाच्या प्रती कराल तेव्हा गॉनिलोचा आक्षेप आणि माझं उत्तर, दोन्ही सोबत उतरवा. त्या दिवशी मी पुढे वाचलंच नाही.

टॉमस अक्वायनसच्या (१२२५–१२७४) ग्रंथात तर याची रीतच बांधलेली दिसते. आधी प्रश्न, मग विरोधी आक्षेप, मग स्वतःचं उत्तर, शेवटी एकेका आक्षेपाचा परिहार. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे घरचंच वाटेल. ‘ईश्वर आहे का?’ या प्रश्नावर तो पहिलाच आक्षेप घेतो तो जगातल्या अनिष्टाचा, आणि त्याची धार जराही कमी करत नाही.

‘माणूसपण’ खरंच काही असतं की ते नुसतं नाव? अबेलार्ड आणि ऑकम यांची ही प्रकरणं सर्वांत जड गेली. मला सारखे न्यायदर्शनाचे नैयायिक आठवत होते, आणि त्यांची ‘जाती’ (म्हणजे ‘माणूसपणा’सारखा सर्वांत समान असलेला धर्म) नाकारणारे बौद्ध. वहीत दोन रकाने आखले, डावीकडे पॅरिस, उजवीकडे नैयायिकांची मिथिला, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

उणीव एकच, पण मोठी. मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द आणि ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस, दोघंही स्पेनमधल्या कोर्दोबाचे, त्यांना मिळून जेमतेम तीस पानं. इब्न रुश्दच्या भाष्यांवरून पॅरिसमध्ये अॅरिस्टॉटल शिकवला गेला. १२७७मध्ये तिथल्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली, त्यामागेही या शिकवणीवरून झालेला वाद होता. हा धागा इतक्या घाईत संपवायचा नव्हता.

सूची उत्तम आहे, तळटीपा त्या-त्या पानाखालीच आहेत. घेणार असाल तर पहिल्या प्रकरणापासून सुरू करू नका. अॅन्सेल्म आधी वाचा, मग मागे सहाव्या शतकातल्या बोएथियसकडे या. आणि पुस्तक हातात पडल्याबरोबर शिवण आहे की नाही ते बघून घ्या.